कुठलं तळं, कुठला गाईड?

पूर्व टेक्सासात कुणालाही ‘यंदा बास मासा कुठे चांगला लागतोय?’ असं विचारून बघा. उत्तर मिळत नाही, वाद मिळतो. लेक फोर्कवाले म्हणणार, मोठा मासा हवा तर फोर्कच. सॅम रेबर्नवाले स्पर्धांचे आकडे तोंडावर फेकणार. टोलेडो बेंडवाले नुसतं हसणार, कारण त्यांचं पाणी इतकं मोठं की बाकीची तळी त्यांच्या हिशेबी डबकी. आणि पश्चिमेकडून कुणीतरी ओ. एच. आयव्ही तळ्याचं नाव काढून सगळ्यांनाच गप्प करणार.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मार्चमध्ये मालवणजवळच्या देवबागेहून मामा यायचे होते. वय सत्तरीच्या पुढे, जन्म कार्लीच्या खाडीवर गरवण्यात गेलेला. मॉल दाखवून त्यांना खूश करता येणार नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. लेकाच्या शाळेला स्प्रिंग ब्रेक होता, म्हणून गाडीने फिरत मासेमारीची सहल करायची ठरली. मग सुरू झाला खरा उद्योग: तळं निवडायचा आणि गाईड निवडायचा.

आधी माशाबद्दल थोडं. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला हिरवट मासा. कुशीवरून काळपट पट्टा, आणि जबडा एवढा मोठा की त्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. दिसायला किंचित आपल्या जिताड्याच्या वळणाचा, पण कुळ वेगळं. हा सनफिशच्या घराण्यातला. बुडालेल्या झाडाच्या किंवा पाणगवताच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि शॅड नावाची चंदेरी मासळी, झिंगे, बेडूक, जे समोरून जाईल त्यावर झडप घालतो. या एका माशावर इथे होड्या, गळ, खोटी आमिषं आणि लाखो डॉलरांच्या स्पर्धा असा अख्खा धंदा उभा आहे.

तळं निवडताना बहुतेक जण विक्रमांची यादी बघतात. माझ्या मते आधी कॅलेंडर बघावं. पाण्याचं तापमान पंधरा-सोळा अंश सेल्सिअसच्या पुढे सरकलं की बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतो. पूर्व टेक्सासात हा काळ साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. नर तळाची माती शेपटीने झाडून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पुढची राखण बापाकडे. पोटात अंडी घेऊन फिरणाऱ्या माद्या वर्षातल्या सर्वांत जड असतात आणि किनाऱ्याजवळ असतात. तेच जुलैत मासा खोल पाण्यातल्या उंचवट्यांवर जाऊन बसतो, वर पारा चाळिशीच्या आसपास, आणि दहानंतर होडीत माणूस भाजून निघतो. मामांसाठी मार्चच बरा होता.

मग अंतर आणि वारा. टोलेडो बेंड टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवर पसरलंय, सुमारे 1,85,000 एकर. जायकवाडीच्या नाथसागराची दुप्पट धरा. मार्चमध्ये इकडे वारा सुटला की अशा उघड्या पाण्यावर लाटा उठतात, आणि नऊ वर्षांचं पोर आणि सत्तरीचे मामा बरोबर असताना मला ती हौस नव्हती. रेबर्न 1,14,500 एकरांचं, सुंदर, पण वसंतात तिथे शनिवार-रविवारी कुठली ना कुठली स्पर्धा असतेच. धक्क्यावर गाडी लावायला जागा मिळायची मारामार. आयव्ही आमच्यापासून फार लांब, पश्चिमेला. राहता राहिलं फोर्क.

फोर्क तसं आटोपशीर, 27,000 एकर, म्हणजे जवळपास कोयनेच्या शिवसागराएवढं. धरण 1980 मध्ये झालं. पाणी भरण्याआधीच तिथल्या छोट्या तळ्यांत फ्लोरिडा जातीच्या बासची पिल्लं सोडली होती, आणि खोऱ्यातली झाडं न तोडता तशीच उभी ठेवली. आज पाण्यातून वर आलेले ते वाळलेले बुंधे बघताना स्मशानात आल्यासारखं वाटतं, पण बासला त्याहून चांगलं घर नाही. 1986 मध्ये इथे मार्क स्टीव्हन्सन या गाईडने 17.67 पौंडांची मादी पकडली. तिचं नाव ठेवलं एथेल. मोठे मासे पैदाशीसाठी सरकारला उसने द्यायची जी ‘शेअरलंकर’ योजना आहे, तिच्यातली ही पहिली. राज्याचा विक्रमही फोर्कचाच: 24 जानेवारी 1992 रोजी बॅरी सेंट क्लेअर यांनी 18.18 पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा बास काढला. गंमत म्हणजे ते बाससाठी गेलेच नव्हते. क्रॅपी नावाच्या लहान चविष्ट माशासाठी गळाला जिवंत बारीक मासे लावून बसले होते. विक्रम बघून तळं निवडणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

फोर्कची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे गर्दी फार. वर्षानुवर्षं आमिषं बघून मासा शहाणा झालाय. नवखा माणूस स्वतःची होडी घेऊन गेला तर दिवसभर झाडंच पकडेल, आणि बुंध्यांच्या जंगलात होडी आपटायची भीती वेगळी. म्हणजे तळं फोर्क ठरलं की गाईड घेणं आलंच, आणि तोही नीट पारखून.

गाईडचे दर एका दिवसाला साधारण चारशे ते सहाशे डॉलर, वर टिप. गळ, आमिषं, होडी त्याची. परवाना आणि जेवण आपलं. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना परवाना लागतो, पाहुण्यांनाही. एका दिवसाचाही मिळतो, ऑनलाइन किंवा मोठ्या दुकानात. हे सोपं. कठीण असतं ते फोनवरचं संभाषण.

एकाने पहिल्याच वाक्यात मासा मिळण्याची हमी दिली. निसर्गाची हमी देणाऱ्या माणसाबरोबर मी बाजारातसुद्धा जाणार नाही. दुसऱ्याच्या पानावर राक्षसी माशांचे फोटो होते, पण सगळ्या फोटोंत माणसं जाकिटं घालून. थंडीतले फोटो दाखवून तो उन्हाळ्यातलं बुकिंग घेत होता. हा माझा लाडका निकष झालाय: मागच्या दोन-तीन आठवड्यांतले फोटो मागा, आणि त्यात गिऱ्हाइकाच्या हातात मासा आहे की गाईडच्याच, ते बघा.

तिसरा तरुण, हुशार, पण पूर्णपणे यंत्रावर विसंबलेला. हल्ली होडीच्या पुढे असा सोनार लावतात की समोरचा मासा पडद्यावर हलताना दिसतो आणि आपलं आमिष त्याच्यापर्यंत उतरतानाही दिसतं. ते भलतंच प्रभावी आहे. इतकं की व्यावसायिक स्पर्धांच्या आयोजकांना त्याच्या वापरावर बंधनं घालावी लागली. लेकाला हा प्रकार फार आवडला असता. पण मामांना अमेरिकेत आणून दिवसभर टीव्ही बघायला लावायचं? त्यापेक्षा घरी सोफ्यावर बरे.

चौथ्याशी बोलताना माझ्या लक्षात आलं की मी कमी विचारतेय आणि तोच जास्त विचारतोय. मामांचे गुडघे कसे आहेत? हलत्या होडीत उभे राहू शकतात का? उजव्या हाताने फेकतात की डाव्या? याआधी कशाने मासेमारी केलीय? मी म्हटलं, हातात नुसती दोरी धरून, बोटाला कळतं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘मग त्यांना शिकवायला सोपं जाईल.’ तिथेच मी पैसे भरले. वादळ, वीज किंवा फार वारा असेल तर दिवस बदलून देईन, हे त्याने आपणहून सांगितलं. शिवाय, ‘होडीत माझ्याखेरीज दोघंच. चौघं आलात तर दोन दिवस घ्या, नाहीतर दोघांना धक्क्यावर ठेवा.’ चार जणांना कोंबून नेतो म्हणणारेही भेटले होते.

तेव्हा बेत असा ठरला: पहाटे मी आणि मामा बासच्या होडीत, नवरा आणि लेक मागे. दुपारनंतर चौघं मिळून पाँटूनवर, म्हणजे सपाट पसरट होडीवर, क्रॅपीसाठी. नवऱ्याला वेगाची होडी सोसत नाही आणि बासची होडी ताशी शंभर किलोमीटर सहज गाठते, त्यामुळे त्याला ही वाटणी फारच पटली. तेरा वर्षांखालच्या मुलाने चालत्या होडीत लाइफ जॅकेट घालायलाच हवं, असा कायदा आहे. लेकाने ते मोटेलपासूनच चढवलं.

फोर्कला जायच्या आधी वाटेत अथेन्सला थांबलो. तिथे राज्याचं मत्स्यबीज केंद्र आहे. जानेवारी ते मार्च या काळात तेरा पौंड किंवा त्याहून जड बास मिळाला तर तो पैदाशीसाठी इथे आणून देतात. काचेपलीकडचे ते धूड बघून मामा पहिल्यांदा म्हणाले, ‘बरो आसा.’ मालवणी माणसाकडून याहून मोठी दाद नाही.

फोर्कवर गाईडने मामांच्या हातात साधा स्पिनिंग रीळ, म्हणजे दोरीची चकरी, लावलेली कांडी दिली, तिला रबरी किड्यात लपवलेला गळ, म्हणजे इकडची ‘टेक्सास रिग’. बुंध्याशेजारी टाकायचा, तळाला टेकू द्यायचा, हळूहळू ओढायचा. बास दणकन ओढत नाही. किडा तोंडात घेतो आणि नुसती दोरी जराशी जड होते. नवख्याला हे कळेपर्यंत मासा तो थुंकून गेलेला असतो. मला सकाळभर कळलंच नाही. मामांनी मात्र रिळाच्या पुढे दोरी तर्जनीवर घेतली, डोळे मिटल्यासारखे केले, आणि थोड्या वेळाने कांडी वर खेचली. एकोणीस इंचांचा बास.

आणि मग गाईडने तो मोजला, फोटो काढला आणि पाण्यात सोडला. फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवताच येत नाही. नेमक्या वाढीच्या वयातले मासे वाचले तरच पुढे ती धुडं तयार होतात, म्हणून हा नियम. मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सोडूचोच आसा तर पकडूचो कित्याक?’ गाईडने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तो म्हणाला, माझी आजी पण हेच म्हणते.

म्हणूनच क्रॅपीचा अर्धा दिवस आधीच ठरवून ठेवला होता. घरून मासे खाणारी पाहुणेमंडळी येत असतील तर बासच्या जोडीला तो जरूर घ्या. दहा इंचांच्या वरचा ठेवता येतो, माणशी पंचवीसपर्यंत, आणि मांस पांढरं, गोडसर, काटे कमी. मोटेलच्या अंगणातल्या शेगडीवर मालवणी मसाला आणि रवा लावून तळला. शेजारच्या खोलीतले लोक वास घेत आले आणि बसले.

तिथून आम्ही पूर्वेला कॅडोला गेलो, पण ते गळासाठी नव्हे. टेक्सासातली बहुतेक तळी धरणांची. कॅडो मुळातलं नैसर्गिक. पाण्यात उभे सायप्रसचे वृक्ष, फांद्यांवरून लोंबणारं शेवाळासारखं राखाडी स्पॅनिश मॉस, आणि काठावर ‘अनसर्टन’ नावाचं गाव. पाण्यावर पसरलेलं साल्विनिया बघून मामांनी विचारलं की ही जलपर्णीसारखी पीडा इथेही आहे का. आहे, आणि सरकार तिच्या मागे हात धुऊन लागलंय.

गाईडने निरोप घेताना मामांना ऑक्टोबरात परत यायला सांगितलं. तेव्हा शॅडचे थवे ओहोळांत शिरतात आणि बास त्यांच्या मागे. मामांचा सहा महिन्यांचा मुक्काम सप्टेंबरात संपतो, त्यामुळे सध्या मे-जूनमधल्या कॅटफिशवर तडजोड झालीय. त्याचा गाईड मामा स्वतः फोनवर पारखणार आहेत. मला फक्त भाषांतर करायचंय.