नवापूर स्टेशन: अर्धं आपलं, अर्धं गुजरातचं
बरेच दिवस डोक्यात होतं, शेवटी गेल्या रविवारी नंदुरबारवरून सुरतकडची पॅसेंजर पकडली आणि नवापूरला उतरलो. आधीच सांगतो, घुमट-कमानी बघायच्या असतील तर सीएसएमटीला जा, इथे तसलं काही नाही, साधं लांबलचक स्टेशन आहे. गंमत आहे ती कुठली खोली कुठल्या राज्यात पडलीये यात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरचं ऑफिस, वेटिंग रूम आणि टॉयलेट गुजरातमध्ये. म्हणजे तिकीट काढून टॉयलेटला गेलात की परराज्यात!

असं कुणी मुद्दाम बांधलेलं नाही. सुरत ते अमळनेर ही ताप्ती व्हॅली रेल्वेची लाइन १९०० च्या आसपासची, तेव्हा हा सगळा भाग खानदेशच. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातला गेली आणि सीमा नेमकी प्लॅटफॉर्मवरून आली. साधारण ८०० मीटरपैकी ३०० आपल्याकडे, ५०० तिकडे. पुढे आपल्या बाजूला धुळ्यातून १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला, तिकडे सुरतेतून २००७ ला तापी, स्टेशन मात्र आहे तिथंच.

सीमेवर एक बाकडं आहे, अर्ध्यावर महाराष्ट्र लिहिलंय अर्ध्यावर गुजरात, सगळे तिथेच फोटो काढतात. मी गेलो तेव्हा एक टोपीवाले बाबा बरोब्बर रेषेवर बसलेले, पिशवी गुजरातमध्ये, काठी महाराष्ट्रात. म्हटलं बाबा, कुठल्या राज्यात बसलात? ते म्हणाले, "ते राहू दे भाऊ, गाडी कधी येते ते सांग." दहा मिनिटं थांबलो, मग त्यांची गाडी आल्यावर फोटो काढला. अनाउन्समेंट मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी चारही भाषांत होते, ती नीट ऐका, मजा येते.

आता जाणाऱ्यांसाठी. रस्त्याने येऊन नुसतं स्टेशन बघायचं असेल तरी प्लॅटफॉर्म तिकीट काढा, १० रुपये, दोन तास चालतं. बाटली घेऊन गुजरातच्या बाजूला अजिबात जाऊ नका, तिकडे दारूबंदी आहे, आणि गुटखा खाणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना सांभाळून, त्यावर दोन्हीकडे बंदी. फोटोसाठी रुळांवर उतरू नका, लाइन डबल आहे, मालगाड्या धडाधड जातात, पूल वापरा. परतीची गाडी येतानाच बघून ठेवा, मी बाकड्याच्या नादात माझी सोडली आणि एसटीने नंदुरबार गाठलं. एप्रिल-मे टाळा, ऊन मरणाचं असतं. आणि बाजारात जाणार असाल तर तूरडाळ घ्या, मी दोन किलो आणली, आई अजून त्याच डाळीचं वरण करतेय.