स्कॅनर नंतर बघा, आधी लेबल ठरवा

बारकोडचं सामान घ्यायचं म्हटलं की जो तो पहिल्यांदा विचारतो, स्कॅनर कुठला घेऊ? मला ही सुरुवातच उलटी वाटते. स्कॅनर हा यातला सगळ्यात कमी डोकेदुखीचा भाग, पण लेबल पुसट असेल नाहीतर भलत्या मापात छापलेलं असेल तर महागातला महाग स्कॅनरही नुसता लाल लाईट मारत बसतो. म्हणून आधी हे ठरवा की लेबल कशावर चिकटणार, कुठे राहणार आणि किती दिवस वाचता यायला हवं.

कुरियरच्या पाकिटावर लावायचं, आठवड्याभरात फाडून फेकलं जाणार, तर डायरेक्ट थर्मल प्रिंटर बेस्ट. शाई नाही, रिबन (शाईची पट्टी) नाही, कागदावरच एक थर असतो जो तापला की काळा पडतो आणि प्रिंटरचं हेड तेवढंच काम करतं. पण हाच थर ऊन, गरमी, तेल लागूनही बिघडतो, त्यामुळे उन्हाच्या जागी ठेवलेल्या किंवा वर्षभर पडून राहणाऱ्या मालावर हे लेबल हळूहळू पुसट होतं आणि ते कळतं कधी तर बिलिंगच्या वेळी. तिथे रिबनवाला प्रिंटर घ्यायचा, म्हणजे थर्मल ट्रान्सफर, यात रिबनवरची शाई तापून लेबलवर उमटते. रिबनमध्येही वॅक्स, वॅक्स-रेझिन आणि रेझिन असे प्रकार आहेत, साध्या कागदाला वॅक्स पुरतं पण पॉलिएस्टरच्या लेबलवर वॅक्स नखानेसुद्धा निघून येतं, तिथे रेझिनच लागतं. रिबन लेबलपेक्षा जराशी रुंद घ्या, नाहीतर कागदाची कड थेट हेडवर घासत राहते. आणि ठरतच नसेल तर थर्मल ट्रान्सफरच घ्या, यातले बरेच प्रिंटर रिबन काढली की डायरेक्ट थर्मल कागदावरही छापतात (घेताना तेवढं विचारून घ्या).

आता डीपीआय, म्हणजे प्रिंटर एका इंचात किती डॉट छापतो ते. लोक म्हणतात ३०० म्हणजे क्लिअर येतं, पण खरी गंमत डॉटच्या हिशोबात आहे. २०३ डीपीआय म्हणजे एका मिलिमीटरला ८ डॉट, एक डॉट ०.१२५ मिमीचा. दुकानातल्या मालावर जो ईएएन-१३ (१३ आकडी बारकोड) असतो त्याची सगळ्यात बारीक रेघ स्टँडर्ड मापात ०.३३ मिमी, म्हणजे अडीच डॉटहून थोडी जास्त, आणि अर्धा डॉट काही छापता येत नाही. बारकोडचं चित्र वर्डमध्ये टाकून कोपरा धरून ओढलं की प्रिंटर एक रेघ २ डॉटची करतो, दुसरी ३ ची, डोळ्याला सगळं ठीक दिसतं पण स्कॅनर अडखळतो. त्यापेक्षा लेबलच्या सॉफ्टवेअरमधून प्रिंटरला त्याच्या भाषेत (झेडपीएल, टीएसपीएल वगैरे) सांगू द्या की रेघ इतक्या डॉटची कर, मग रेघा पूर्ण डॉटमध्येच बसतात. २०३ वर २ डॉट घेतले तर ईएएन स्टँडर्ड मापाच्या ८० टक्क्यांच्याही खाली जातो, आणि तेवढ्यापर्यंतच लहान करायची परवानगी आहे, म्हणून ३ घ्यावे लागतात आणि दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून कोड साधारण ४२ मिमी रुंद होतो. लेबल ४० मिमीचं असेल तर बसला का? नाही. ३०० डीपीआयवर ४ डॉट घेतले की तोच कोड ३८ मिमीच्या आसपास येतो. ३०० घ्यायचं कारण असेल तर हे. ती कोरी जागा कोडचाच भाग आहे बरं का, तिथे किंमत नाहीतर लोगो घुसवू नका.

कोड फक्त स्वतःच्या स्टॉकसाठी असेल तर कोड १२८ या बारकोडच्या प्रकारात काहीही नंबर टाका, पण माल दुसऱ्यांच्या दुकानात विकायचा असेल तर जीएसवन या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडूनच नंबर घ्यावा लागतो.

स्कॅनर टूडी इमेजर (कॅमेऱ्यासारखा, क्यूआरसारखे चौकोनी टूडी कोडही वाचणारा) घ्या, विषय संपला. लेझरवाल्याला क्यूआर वाचता येत नाही, मोबाईलच्या स्क्रीनवरचा कोडही नीट जमत नाही, आणि जीएसवनचं सनराईज २०२७ हे टार्गेटच असं आहे की २०२७ संपेपर्यंत बिलिंग काउंटरवर साध्या बारकोडबरोबर टूडी कोडही वाचता यावेत. बहुतेक स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच दिसतात, कोड टाईप करतात आणि शेवटी एंटर दाबतात, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पण त्याचमुळे मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर कोडच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं आणि मग सगळे स्कॅनरला शिव्या घालतात. वायरलेस हवा तर घ्या, पण काउंटरवरच बसणार असेल तर वायरवाला बरा, चार्जिंगची कटकट नाही.

एक राहिलं, रोलच्या मधली पुठ्ठ्याची नळी. छोट्या डेस्कटॉप प्रिंटरला सहसा २५ मिमीची लागते आणि मोठ्या मशीनला ७६ ची, तेव्हा स्वस्त मिळतात म्हणून ढीगभर रोल उचलण्याआधी ती मोजून घ्या.