आमची वाटचाल : लेझर, लेटेक्स आणि बार्शीच्या मॅडम

मुलगा म्हणाला, बाबा, नवीन ब्रोशरसाठी आपल्या कंपनीबद्दल चार ओळी लिहून द्या. (प्रकाश टाकून पाणी आणि रक्त तपासायची मशीनं बनवतो आम्ही.) चार ओळीत मावणार नाही म्हटलं, आणि एकदा लिहायला बसलो की २०१६ पण येणारच, ते गाळायचं असेल तर तूच लिही.

माझी पीएचडी लाइट स्कॅटरिंगची, म्हणजे बारीक कणांवर आपटून प्रकाश कसा विखुरतो त्याची. सहा वर्षं काळे पडदे लावलेल्या खोलीत, ६३२.८ नॅनोमीटरची हेलियम-निऑन लेझर ट्यूब आणि समोर बाटलीत पाण्यात लेटेक्सचे डोळ्याला न दिसणारे मणी. ज्याने हे केलंय त्याला धुळीचा त्रास सांगायला नको. इतक्या बारीक कणांकडून येणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे कण दुप्पट मोठा तर प्रकाश ६४ पट, त्यामुळे एक कचरा घुसला की अख्खा रन वाया. रात्री दोन वाजता ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी गाळत बसायचो, आणि आई सकाळी फोनवर विचारायची, अजून पाणीच गाळतोयस का रे.

मग पोस्टडॉकला बायोसेन्सर. प्रिझमवर ५० नॅनोमीटर सोनं चढवायचं, त्यावर अँटीबॉडी बसवायची, प्रथिन येऊन चिकटलं की परतणाऱ्या प्रकाशाचा कोन किंचित सरकतो. कागदावर झकास, पण खोलीतला एसी चालू झाला की सेन्सरला वाटायचं प्रथिनच आलं. पेपर छापून आले, आणि पेपर आला की सेन्सर कपाटात, हे तीनदा झाल्यावर माझं डोकं फिरलं.

२००४ ला भोसरीत अर्धी शेड घेतली. पार्टनर म्हणजे आमचे लेथवाले काका. पैसे माझे, हात त्यांचे. मी त्यांना स्कॅटरिंग समजवायला लागलो की म्हणायचे, "ते राहू दे, भोक किती एमएमचं ते बोल." पहिली मशीनं टर्बिडिटी मीटर, पाणी किती गढूळ ते नव्वद अंशातून बघायचं, फॉर्माझिनवर, म्हणजे ठरलेल्या गढूळपणाच्या द्रावणावर, कॅलिब्रेट करायचं. (एनटीयू म्हणजे गढूळपणाचं माप. पिण्याच्या पाण्याला १ एनटीयू, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतं, म्हणजे आपल्याला एवढासा प्रकाश मोजायचाय.) एवढासा प्रकाश मोजायचा तर सरळ जाणारा लेझर कुठेतरी गिळून टाकायला लागतो, नाहीतर तोच भिंतीवर आपटून डिटेक्टरमध्ये येतो. बाहेरचा तयार लाइट ट्रॅप आम्हाला परवडणारा नव्हता. मी दाढीची ब्लेडं आणली, मधल्या खाचेतून स्क्रू घालून साठेक ब्लेडं घट्ट आवळली, धारा सगळ्या एका रेषेत. धारेच्या बाजूने बघा, विहिरीसारखं काळं दिसतं, प्रकाश दोन धारांच्या मधे शिरतो आणि आपटत आपटत आतच मरतो. काका म्हणाले, "दाढीच्या ब्लेडाचं मशीन विकणार तू?" विकलं की. फोटोडायोड, ऑप-अँप, सगळं पुण्यात पासोड्या विठोबाच्या दुकानांतून.

नंतर पॅथॉलॉजी लॅबसाठी सीआरपीचं मशीन काढलं. सीआरपी म्हणजे अंगात सूज, इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं प्रथिन. लेटेक्सच्या मण्यांवर अँटीबॉडी, सीरममधलं (रक्त गोठल्यावर वर उरतं ते पाणी) सीआरपी दोन मण्यांना एकत्र धरतं, गुठळी होते. दोन सुटे मणी दोघांपुरता प्रकाश फेकतात, तेच चिकटले की चौघांचा. माझी अख्खी पीएचडी त्या एका क्युवेटमध्ये, नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक डबीत, आली. तरीपण दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, कुठल्यातरी कॉलेजात हार घालून बोलावतात आणि 'रामन इफेक्टवर काम केलेले' अशी ओळख करून देतात. अहो रामनसाहेबांचा प्रकाश रंग बदलतो, आमचा आहे त्याच रंगात परत येतो. आता सांगायचं सोडून दिलंय.

२०१५ पर्यंत बरं चाललं.

२०१६ च्या पावसाळ्यात एका हॉस्पिटलातून फोन, पेशंट सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनने गंभीर, आणि तुमच्या मशीनवर सीआरपी फक्त २२, शेजारच्या लॅबमध्ये जवळपास तीनशे. मी रात्रीची एसटी पकडून गेलो, लेझर बघितला, फिल्टर बघितला, ब्लेडं पुसली, मशीन ठणठणीत. आणि तोवर त्या रिपोर्टचा फोटो अख्ख्या जिल्ह्याच्या व्हॉट्सअॅपवर. कुणी फिरवला ते मला माहितीय. आमच्याच शेडमध्ये सोल्डरिंग शिकलेला मुलगा, तेव्हा परदेशी मशीनची एजन्सी घेऊन बसला होता, मशीन फुकट ठेवतो, रिएजंट (टेस्टला लागणारं रसायन) फक्त आमचंच घ्यायचं, तो प्रकार. नाव लिहीत नाही, वाचेलच तो. अकरा मशीनं परत आली. नवी ऑर्डर शून्य, बँकेचा हप्ता चालू. ऑप्टिकल बेंचखालचा ग्रॅनाइटचा जाड दगड विकला, तो आज कुणाच्या तरी किचन ओट्यावर आहे आणि त्यावर बहुतेक पोळ्या लाटतात.

सुटका केली बार्शीच्या मॅडमनी. छोटी लॅब, आमचं सातवं मशीन त्यांच्याकडे. त्यांच्याकडेही असाच पेशंट आला, रिपोर्ट आणि पेशंटची अवस्था जुळेना, तर बाईंनी सीरम दहापट पातळ करून परत लावलं. फोनवर एवढंच म्हणाल्या, "सर, पातळ न करता लावलं तर २२, पातळ केलं तर २८ आलं. दहाने गुणा."

२८०! पातळ केल्यावर रिडींग वाढतंय म्हणजे प्रोझोन. मी कपाळावर हात मारला, हे तर पुस्तकात असतं. बघा, पावसात छत्र्या कमी असल्या की दोघं एका छत्रीत चिकटून चालतात, प्रत्येकाला स्वतःची छत्री मिळाली तर कशाला कोण चिकटेल. सीआरपी प्रमाणाबाहेर असलं की प्रत्येक मणी आपापलं भरून बसतो, गुठळीच होत नाही, आणि मशीन इमानदारीत दाखवतं की गुठळी नाही. प्रकाश बरोबर मोजला होता, आकडा मी चुकीचा काढत होतो, कारण मी फक्त शेवटचं रिडींग घेत होतो. मग पहिल्या काही सेकंदांचा वेगपण बघायला लागलो, संशय आला की मशीनच ओरडतं, डायल्यूट करा. प्रोग्राम बदलायला तीन आठवडे, परत आलेल्या अकरापैकी चार गिऱ्हाईकं पुन्हा यायला तीन वर्षं. त्या मुलाला प्रोझोन माहिती होता, मीच शिकवला होता. हे मात्र जात नाही डोक्यातून.

आता विचारलं नाहीये तरी सांगतो, क्युवेट शर्टाच्या टोकाने पुसू नका. डेमोला मशीन आठ दिवसांच्या वर ठेवू नका, मग ते त्यांचंच होतं. अर्धे पैसे आधी, नातेवाईक असला तरी. आणि पीएचडीवाल्यांनो, महिनाभर लेथवर उभे राहा.

काका २०१९ ला गेले. कोविडमध्ये सीआरपीला इतकी मागणी आली की शेडमध्ये झोपायचो, त्यांना ते बघायला मिळालं नाही.

गेल्या महिन्यात बार्शीचं मशीन एसटी पार्सलने सर्व्हिसला आलं, सोबत शेंगाचटणी. ब्लँकलाच, म्हणजे नमुना न घालताच, रिडींग चढत होतं. उघडलं तर ब्लेडांच्या धारांवर गंज. नवीन ब्लेडं आवळून परत पाठवलं. मॅडमचा फोन, बिल किती सर? म्हटलं पाच पाकिटं ब्लेडं लागली, त्याचे द्या. तर म्हणाल्या, "मग आमच्या ह्यांचीच पाठवली असती की."