अकरा क्विंटल की बारा?

सिन्नरच्या पूर्वेकडचं आमचं रान जिरायती. गव्हाला पाणी द्यायचा प्रश्नच नाही. परतीच्या पावसाची काळ्या मातीत जी ओल मुरते, तिच्यावरच पीक. ऑक्टोबर सरताना नाना पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, रानात घालण्याआधी वीतभर खोलीची माती मुठीत दाबतात. गोळा फुटला नाही तर पेरणी.

मी बीएस्सी ॲग्री करून आलो तेव्हा नाना कडक दाण्याचा बन्सी गहूच पेरायचे, निफाडच्या संशोधन केंद्राचा ‘पंचवटी’ वाण. मी हट्टाने शेजारच्या एकरात बागायतीच्या सरबती गव्हाचा वाण टाकला. नानांच्या खिळ्याला टांगलेल्या वहीत तीन वर्षांचे आकडे आहेत. सरबती: ६, ५, १ क्विंटल. बन्सी: ४, ४, ३.

बेरीज केली तर सरबती जिंकतो, बारा विरुद्ध अकरा. मी ते नानांना दाखवलंही. ते म्हणाले, “आन् त्या एका क्विंटलच्या साली खायचं काय रं? सरासरी?”

गंमत म्हणजे कॉलेजात हेच शिकवलं होतं. १९६३ साली फिनले आणि विल्किन्सन यांनी ऑस्ट्रेलियात बार्लीचे वाण तपासले. हंगाम सुधारला की सगळ्या वाणांच्या सरासरीच्या तुलनेत एका वाणाचं उत्पन्न किती चढतं, त्याचा उतार काढायचा. उतार एकाहून कमी, तर वाण स्थिर, म्हणजे वाईट सालीही फारसा न पडणारा, आमच्या बन्सीसारखा. पेपरात मी सूत्र बरोबर लिहिलं होतं!

यंदा पाभर दोन्ही एकरांत बन्सीचीच. बांधालगतच्या चार ओळींत ‘नेत्रावती’ टाकलाय, तोही जिरायतीसाठीचाच. नानांना अजून सांगितलेलं नाही.