निकाल गुरुवारी, बाजार सोमवारी

13 एप्रिल 2023च्या गुरुवारी बाजार बंद झाल्यावर इन्फोसिसचे तिमाही निकाल आले. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. शेअर हातात, पण विकायची सोय नाही.

शुक्रवारी चैत्यभूमीकडे निघालेल्या गर्दीतून वाट काढत आमचा दादरचा शेअरवाल्यांचा कंपू शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जमला. न्यूयॉर्कमध्ये एडीआर, म्हणजे अमेरिकेच्या बाजारात विकलं जाणारं इन्फोसिसचं शेअरपत्र, घसरल्याचं एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "अगं, नफा तर वाढलाय. 6,128 कोटी! मग पडायचं कारण काय?"

मी एक्स्चेंजच्या साइटवरून पत्रक उतरवून घेतलं होतं, तेच त्यांना मोबाइलवर दाखवलं. नफ्यातली वाढ आदल्या वर्षीच्या तिमाहीच्या तुलनेत होती. लगतच्या तिमाहीशी ताडून पाहिलं, तर कॉन्स्टंट करन्सीत, म्हणजे चलनांच्या दरातला चढउतार वगळून, महसूल 3.2 टक्क्यांनी घटला होता. खरी मेख त्याच्याही पुढे होती. संपलेल्या वर्षात महसुलाची वाढ 15.4 टक्के, आणि नव्या वर्षाचं गायडन्स, म्हणजे कंपनीचा स्वतःचा वाढीचा अंदाज, फक्त 4 ते 7 टक्के. आयटी शेअरला बाजार भाव देतो तो पुढच्या वाढीचा. काकांनी चष्मा वर सरकवून तो आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाले, "सोमवारी विकून मोकळा होतो."

मला मुलीची जूनमधली फी यातूनच भरायची होती. म्हणून फीपुरतेच शेअर काढायचे ठरवले. बाकीच्या पैशांची घाई नव्हती, कंपनीवर कर्ज नव्हतं आणि मार्जिनचं, म्हणजे महसुलातून खर्च वजा जाता उरणाऱ्या नफ्याच्या टक्क्याचं, गायडन्स 20 ते 22 टक्के होतं. माझ्या मते थांबायला एवढं पुरेसं होतं.

सोमवारी प्री-ओपनमध्येच, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या काही मिनिटांत, भाव कोसळलेला दिसला. लोकलमध्ये रेंज जाते, म्हणून मी दादरच्या फलाटावरच थांबले. अशा वेळी मार्केट ऑर्डर टाकली की मिळेल तो भाव गळ्यात पडतो. पहिली घाई ओसरू दिली, मग लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच विकायची ऑर्डर, लावली. ती दुपारी लागली. शेअर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास खाली बंद झाला. दिवसात तर त्याहूनही खाली जाऊन आला होता. जानेवारीपासून सगळ्या शेअरना टी प्लस वन, म्हणजे व्यवहाराच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी हिशेब पुरा, लागू झाल्यामुळे मंगळवारी पैसे जमा झाले.

काकांनी सगळे विकले. त्यांच्या औषधपाण्याला तेच पैसे लागणार होते, त्यामुळे त्यांचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. जुलैत गायडन्स आणखी खाली, 1 ते 3.5 टक्क्यांवर आलं, तेव्हा माझे उरलेले शेअर तसेच होते. काका पुन्हा माझ्यासोबत पत्रक वाचायला बसले.