हैतियन क्रिओल तपासनीस: लाल रेघ मागे का पडत होती

हैतीत बोलल्या जाणाऱ्या हैतियन क्रिओल भाषेतले चुकलेले शब्द लाल रेघेने दाखवणारं वेब ॲप मी बनवतोय. मागच्या नोंदीपर्यंत नुसतं पान उघडत होतं. आता चौकटीत हैतियन क्रिओल मजकूर टाकला की तो माझ्या फ्लास्क (पायथन भाषेतली वेब चौकट) सर्व्हरमार्फत शब्दतपासणीच्या सेवेकडे जातो. चुकलेला शब्द, तो कितव्या अक्षरावर सुरू होतो ती जागा आणि पर्यायी शब्द जेसॉनमध्ये (माहिती देवाणघेवाणीचा मजकुरी साचा) परत येतात. सेवेची की (वापरासाठीचा गुप्त संकेत) सर्व्हरवरच ठेवली आहे, ब्राउझरमध्ये ठेवली असती तर कुणीही उचलली असती.

जोडणी एका संध्याकाळी झाली. लाल रेघेने मात्र चार रात्री खाल्ल्या.

बॉस्टनच्या मॅटापान भागातल्या माझ्या हैतियन मित्राने पीडीएफमधून उचललेला परिच्छेद चिकटवला. पहिल्या ओळीत रेघ बरोबर शब्दाखाली, पण पुढे ती मागे मागे पडत गेली आणि शेवटी अलीकडच्याच शब्दावर जाऊन बसली! दोष होता 'ई' आणि 'ओ' या रोमन अक्षरांवरच्या तिरक्या रेघेचा. क्रिओलमध्ये ती शोभेला नसते: पी-ई लिहिलं तर 'गप्प बसणं', त्याच ई वर रेघ दिली की 'भीती'. युनिकोडमध्ये असं अक्षर एका कोडचं असतं किंवा दोन कोडचं, अगदी आपल्या 'वाऱ्यावर'मधल्या 'ऱ'सारखं (र अधिक नुक्ता). पीडीएफमध्ये दोन कोडवालं होतं. मी सर्व्हरवर ते एका कोडचं करून पाठवत होतो आणि आलेल्या जागा मूळ मजकुरावर मोजत होतो. अशा दर अक्षरामागे एक घर चुकत होतं. आता ब्राउझरमध्येच आधी नॉर्मलाइझ करतो (अशी सगळी अक्षरं एका कोडची करतो) आणि तोच मजकूर चौकटीत परत ठेवतो. एका ओळीचं काम!

दुसरी गंमत अपॉस्ट्रॉफीची. 'म्वेन' म्हणजे मी, त्याचं आखूड रूप नुसतं 'म'. अधिकृत लेखनपद्धतीत ते सुटं लिहितात, पण बरेच जण फ्रेंच सवयीने अपॉस्ट्रॉफी देऊन जोडतात. फोनवर ती वळणदार उमटते, ते चिन्ह आणखी वेगळं. माझं ॲप सगळ्यांना लाल करत सुटलं. मित्र म्हणाला, "अरे, माझी आई असंच लिहिते." त्या शब्दांना आता लाल नाही, फिकी निळी रेघ येते. 1987 च्या राज्यघटनेने फ्रेंचच्या बरोबरीला बसवलेल्या भाषेत आईला नापास करणारा मी कोण?

इमोजी टाकला की मात्र रेघ अजून एक घर मागे जाते. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बहुतेक साध्या इमोजींना दोन मोजते, सर्व्हरवरचं पायथन एक. ते पुढच्या शनिवारी.