बसच्या अंगावरचे फोड

चवथीच्या तोंडावर फोंड्याची एक खाजगी बस आम्ही छापील व्हिनाइल फिल्मचं नवं डिझाइन चिकटवून दिली आणि बाराव्या दिवशी ती परत आली. डाव्या बाजूला खिडक्यांखाली वाटाण्याएवढे फोड आले होते. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या रांगेवर फिल्म तंबूसारखी उचललेली.

‘पात्रांव, तुमची शाय बरी ना,’ मालक म्हणाला. म्हणजे शेठ, तुमची शाई चांगली नाही.

शाईवर खापर फोडणं सोपं. मी एक फोड ब्लेडने कापला, तर आतून थिनरचा वास आला. फिल्म सोलली तेव्हा गोंद फिल्मलाच राहिला आणि त्याबरोबर रंगाची सालही निघाली. खालच्या रंगात नख रुतत होतं. गॅरेजवाल्याने स्प्रे मारून चार दिवसांत गाडी सोडली होती. पावसाळी हवेत इनॅमल वरून सुकतं, आत कच्चं राहतं. मग पत्रा उन्हात तापला की वाफ सुटते आणि छपाई आणि वरून पारदर्शक लॅमिनेशन चढवलेल्या व्हिनाइलमधून तिला वाट मिळत नाही.

शाईचा दोष असता तर तो वेगळा दिसला असता. सॉल्व्हंट शाईची, म्हणजे थिनरसारख्या द्रवातल्या शाईची, छपाई लॅमिनेशनपूर्वी किमान 24 तास मोकळी टांगावी लागते, नाहीतर उरलेलं सॉल्व्हंट गोंद मऊ करतं आणि कडा वळतात. आमची 36 तास टांगलेली होती. कडा शाबूत होत्या.

रिव्हेटांचं मात्र आमच्याच माथी. तिथे फिल्म आधी टाचणीने टोचून हवा काढायची, हीटगनने तापवून गोल ब्रशने दाबत बसवायची आणि शेवटी पुन्हा 90 ते 100 अंशांपर्यंत तापवायची, म्हणजे ताण विसरते. आमच्या कामगार पोराने थर्मामीटर न लावता हाताने अंदाज घेतला. 50 मायक्रॉनची महाग कास्ट फिल्म (उंचसखल भागावर नीट बसणारी) वापरून अशी कंजुषी!

याच बसवर पूर्वी पेंटर नाव लिहायचा. खडूची दोरी मारायची, सुईने टोचलेल्या खाक्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची आणि टर्पेंटाइनने थोडं पातळ केलेल्या इनॅमलने ब्रश ओढायचा. परवाच्या रंगावर आज अक्षर आलं तरी दोन्ही एकत्र सुकत, वाफ अडायची नाही. रिव्हेटवरूनही ब्रश सहज जाई. फोटोची छपाई त्याला जमली नसती हे खरं, पण कच्चा पत्रा त्याने खपवून घेतला असता. त्या जुन्या अक्षरांचा उंचवटा आमच्या फिल्ममधून अजून दिसतो. गॅरेजने स्प्रेआधी 320 नंबरचा पॉलिश पेपर मारायचाही कंटाळा केला होता.

आता ती बाजू सोलून ठेवली आहे. रंगाला निदान तीन आठवडे देतोय. तोवर वाफ अजून सुटते का ते बघायला तळहाताएवढा फिल्मचा तुकडा चिकटवायचा, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी गरम हवा मारून बघायची. मालक रोज फोन करतो. आज सकाळीही तुकड्याखाली चार बुडबुडे होते.